शिक्का नवा, ओळख जुनी

मराठी माणसाचे निम्मे आयुष्य याद्या करण्यात जाते, असे माझे फार दिवसांचे मत आहे. वाण्याकडची यादी, इस्त्रीच्या कपड्यांची यादी, प्रवासाला निघताना करावयाची आणि निघताना घरीच विसरावयाची यादी. लग्नसुद्धा आपल्याकडे 'याद्या' झाल्यावरच ठरले असे म्हणतात. मुलामुलीने एकमेकांना पाहिले, पत्रिका जुळल्या, मामांनी होकार दिला, तरी याद्या होईपर्यंत पेढ्याचा पुडा कोणी सोडत नाही. या सगळ्यांत अवघड यादी कोणती म्हणाल, तर आमंत्रणाची. सामानाच्या यादीत वेलदोडे राहिले तर फार तर शिरा बेचव होतो. पण आमंत्रणाच्या यादीत एखादा मावसभाऊ राहिला तर त्याची आठवण तीन पिढ्या निघत राहते.

मी पोटासाठी अशीच एक आमंत्रणाची यादी सांभाळतो. फरक एवढाच, की माझ्या यादीत माणसे नाहीत, प्रोग्राम आहेत. एका सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत, संगणक विभागात, माझे टेबल आहे. बँकेच्या तेवीस शाखांतल्या टेबलाटेबलांवर जे संगणक आहेत, त्यांवर कोणते प्रोग्राम चालू द्यायचे याची यादी माझ्याकडे असते. यादीत ज्याचे नाव आहे तो चालतो. ज्याचे नाही तो कितीही गोड बोलला तरी उंबऱ्याबाहेर. घरी पाहुणे आले आणि "काय करता आपण?" असे विचारू लागले, की मी "बँकेत आहे" एवढेच सांगून चिवड्याकडे वळतो. पण दिवाळी अंकाच्या वाचकाला सवड असते, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

चोर ओळखण्याच्या दोन रीती आहेत. पहिली पोलिसचौकीतली. नामचीन गुन्हेगारांचे फोटो भिंतीवर लावायचे आणि त्यांतला कोणी दिसला की धरायचा. व्हायरस पकडणारे प्रोग्राम बरीच वर्षे मुख्यतः याच रीतीने चालत आले. तिच्यातली मेख उघड आहे. जो आज पहिल्यांदाच चोरी करणार, त्याचा फोटो भिंतीवर कुठून असणार? दुसरी रीत लग्नघरातली. इथे चोरांची यादी कोणी करत नाही; आपल्या माणसांची करतात, आणि त्यांत जो नाही त्याला नम्रपणे दारातच विचारतात. विंडोजमध्ये अशी यादी ठेवण्याची 'अ‍ॅपलॉकर' नावाची सोय २००९ साली आली. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने संगणक सांभाळण्याचे जे आठ मुख्य नियम २०१७ साली सांगितले, त्यांतही हा एक आहे.

इंग्रजीत या दोहोंना काळी यादी आणि पांढरी यादी म्हणत. २०२० साली ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने हे रंग सोडून दिले आणि 'नकाराची यादी' व 'परवानगीची यादी' अशी साधी नावे घेतली. मला ते पटले. मराठीत काळी यादी आहेच आणि तिच्यात टाकण्याची हौसही पुष्कळांना आहे. पांढरी यादी मात्र मी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. चांगल्या माणसांची यादी करून ठेवण्याची आपल्याकडे पद्धतच नसावी.

आता यादी केली, पण दारात उभा असलेला तो यादीतलाच, हे ओळखायचे कसे? लहानपणी आमच्या वाड्यात एक आजी होत्या. भर दुपारी कडी वाजली, की त्या आतूनच "कोण?" म्हणून विचारीत, आणि बाहेरून हमखास उत्तर येई, "मी!" जगातला प्रत्येक माणूस या प्रश्नाला हेच उत्तर देतो आणि त्याला ते पुरेसे वाटते. आजींना ते आवाजावरून पुरत असे. संगणकाला आवाजाचे ज्ञान नाही. त्याच्या दारात येणारा प्रत्येक प्रोग्राम "मी!" म्हणतो, आणि तो 'मी' म्हणजे नेमका कोण, हे ठरवण्याच्या तीन खुणा आम्ही त्याला शिकवून ठेवलेल्या असतात.

पहिली खूण पत्त्याची. अमुक कप्प्यातून आला तो आपला. पण कप्प्याला नीट कुलूप नसेल, तर कोणीही आत जाऊन बसतो आणि घरचा म्हणवून घेतो.

दुसरी खूण ठशाची. फाइलीतल्या अक्षरन् अक्षरावर एक ठरावीक गणित केले, की तिचा ठसा निघतो. सध्या रूढ असलेल्या एका पद्धतीने तो चौसष्ट अक्षरांचा येतो. फाइलीत एक काना इकडचा तिकडे झाला, तरी सबंध ठसाच बदलून जातो. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. 'धरावे' या शब्दातल्या 'ध'चा 'मा' कोणीतरी केला, ही कथा आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. इतिहासकारांचे तिच्याविषयी काही म्हणणे असो. पण ठसा कशासाठी हे समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. त्या कागदाचा ठसा आधी वेगळा पाठवलेला असता, तर कथेतल्या गारद्यांना एवढे तरी कळले असते, की निघालेला हुकूम आणि हाती आलेला हुकूम एक नाही.

ठशाची अडचण अशी, की प्रोग्राम सुधारला की ठसा बदलतो, आणि हल्ली प्रोग्राम महिन्यातून दोनदा सुधारतात. म्हणून तिसरी खूण, सहीची. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली अशी कल्पना मांडली, की किल्ल्या दोन असाव्यात. एक मालकाने गुप्त ठेवावी आणि दुसरी जगाला वाटून टाकावी. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्यासाठी लागणारे गणित बसवले. गुप्त किल्लीने फाइलीच्या ठशावर सही करायची. वाटलेल्या किल्लीने ती कोणालाही तपासता येते, पण कोणाला करता येत नाही. किल्ली कोणाची आहे याचा दाखला एखादी मान्यवर संस्था देते. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला कागदावरच्या सहीइतकाच मान दिला.

आपल्या जुन्या कागदपत्रांत पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की तिथे मोर्तब. मुद्रा सांगे की पत्र कोणाचे. मोर्तब सांगे की ते इथे संपले, यापुढे कोणी काही घुसडू नये. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आता नगरपालिकेच्या ठरावासाठी वापरून गुळगुळीत करून टाकला आहे. पण प्रोग्रामवरची सही ही दोन्ही कामे एकदम करते, आणि तिच्यासाठी याहून नेमका मराठी शब्द मला सुचत नाही.

सहीची यादी ठेवली की मोठे सुख असते. 'अमुक कंपनीची सही, तमुक प्रोग्राम, या आवृत्तीचा किंवा पुढचा' एवढे लिहून ठेवले, की तो प्रोग्राम महिन्यातून चार वेळा कात टाको, यादीला हात लावावा लागत नाही. सही बदलेपर्यंत! आणि ती बदलते. दाखल्याची मुदत संपते, नवा निघतो. कंपनी विकली जाते, तिचे नाव बदलते. कधी जुन्या प्रोग्रामला एखादा नवा सुटा भाग जोडतात, आणि तो भलत्याच कोणाच्या सहीचा असतो. मग वर्षानुवर्षांचा ओळखीचा पाहुणा नवे आडनाव लावून दारात उभा राहतो.

असाच एक पाहुणा दोनएक वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या दारात आला. पासबुकावर नोंदी छापणारा प्रोग्राम आम्ही एका कंपनीकडून घेतलेला आहे. रात्री तिचे अपडेट आले. सकाळी प्रोग्राम उघडला, पण छापायची वेळ आली तेव्हा त्यातला एक लहानसा नवा भाग यादीपाशी अडला. त्याच्यावर जे नाव होते, ते आमच्यापैकी कोणीही कधी ऐकलेले नव्हते. आणि दिवस कसला, तर पेन्शनचा. त्यातून नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. साडेदहाला तळमजल्यावरच्या शाखेची रांग दाराबाहेर गेली होती.

शाखाधिकारी वर आले. "साहेब, तुमची ती यादी आजच्या दिवसापुरती बंद ठेवा. म्हातारी माणसं उभी आहेत खाली."

"म्हातारी माणसं आहेत म्हणूनच बंद ठेवता येत नाही," मी म्हणालो.

ते मला मुळीच पटवून घ्यायला तयार नव्हते, आणि त्यांचेही चूक नव्हते. पैसे खात्यात जमा झाले होते. हवे त्याला काढताही येत होते. पण पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या लेखी पासबुकावर उमटले तेवढेच पैसे खरे असतात. कोरे पासबुक घेऊन परत जायचे म्हणजे त्याला दिवसभर घास गोड लागत नाही. त्या शाखेत एक जुने कारकून आहेत, निवृत्तीला आलेले. त्यांनी कोणाला न विचारता शाईचे पेन काढले, आणि पूर्वीच्या काळी करीत तशा नोंदी हाताने लिहून, खाली आद्याक्षरे करून, रांग पुढे सरकवायला सुरुवात केली. त्यांच्यामुळे मला वेळ मिळाला.

अपडेटबरोबर एक पत्र आले होते, आणि त्यात मदतीसाठी म्हणून एक फोन नंबरही होता. तो मी लावला नाही. पाहुणा खरा की खोटा, हे त्यानेच बरोबर आणलेल्या माणसाला विचारण्यात काय अर्थ? कपाटातून मूळ कराराची फाइल काढली आणि तिच्यावरचा नंबर लावला. तीन माणसांकडून फिरत फिरत फोन योग्य माणसाकडे पोचला. कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली होती. सही नव्या नावाने होऊ लागली होती. "तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं," असे त्यांनी अगदी सहज सांगितले. मी नव्या दाखल्याची खूण वाचून दाखवायला सांगितली. ती चाळीस अक्षरांची असते. आकडे, आणि ए ते एफ एवढीच इंग्रजी अक्षरे. "ए अमरावतीचा, बी बेळगावचा, सी चंद्रपूरचा" करीत आम्ही दोघे सबंध महाराष्ट्र हिंडलो. 'ई' आला तेव्हा पलीकडचे गृहस्थ अडखळले. मी एरंडोल सुचवले. चाळीसच्या चाळीस अक्षरे जुळली. मग तो भाग एका वेगळ्या, कशालाच न जोडलेल्या संगणकावर चालवून पाहिला, यादीत त्याच्यापुरती नवी ओळ लिहिली, खालच्या शाखेतल्या एकाच टेबलावर ती लावली, आणि छपाईचे यंत्र करकरू लागल्यावर मग बावीस शाखांना पाठवली. पाऊण वाजला होता.

मी खाली उतरलो तेव्हा रांगेत एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. आमच्या निम्म्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली आहे. त्यांनी मला विचारले, "काय झालं होतं हो?"

मी थोडक्यात सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे नमुना सहीच की! माझा हात थरथरायला लागल्यापासून सही बदलली, तर तुमच्या बँकेनं मला नवं कार्ड भरायला लावलं. आणि दर नोव्हेंबरला मी जिवंत असल्याचा दाखला आणते तो वेगळाच. मला एवढं विचारता, तर मशीनला विचारायला नको?"

बँकेतल्या प्रशिक्षणवर्गात माझे काम मला अनेकांनी समजावून सांगितले आहे. इतके सोपे करून कोणी सांगितले नव्हते. शाखाधिकारी मात्र संध्याकाळी चहाच्या वेळी म्हणालेच, "शेवटी खरीच निघाली ना ती सही? मग अडीच तास कशाला?" खरी आहे हे कळायलाच ते अडीच तास लागले, हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता. दारावरच्या माणसाचे काम उशिराच्याच रूपाने दिसते. ज्या दिवशी काही घडत नाही, त्या दिवसाचा हिशेब कोणी मांडत नाही.

एवढी खातरजमा कशासाठी, सही खरी असली म्हणजे झाले नाही का, असे कोणालाही वाटेल. तसे वाटण्याजोगे जग होते तेव्हा बरे होते. २०१० साली 'स्टक्सनेट' नावाचा व्हायरस उघडकीला आला. इराणच्या अणुकेंद्रातली यंत्रे बिघडवण्यासाठी तो रचलेला होता, आणि त्याच्या काही भागांवर तैवानमधल्या रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन कंपन्यांच्या सह्या होत्या. सह्या गणिताने अगदी खऱ्या. फक्त किल्ल्या चोरीच्या. २०२० साली 'सोलरविंड्स' या अमेरिकन कंपनीचे प्रकरण त्याहूनही पुढचे निघाले. तिथे किल्ली चोरण्याचीही गरज पडली नाही. चोर कंपनीच्या कारखान्यातच शिरले, त्यांनी तयार होत असलेल्या मालात आपले विष मिसळले, आणि कंपनीने नेहमीप्रमाणे त्यावर स्वतःच्या हाताने शिक्कामोर्तब केले. सुमारे १८,००० ग्राहकांकडे ते अपडेट पोचले. शनिवारवाड्यातले गारदीसुद्धा भिंत चढून आले नव्हते; ते पगारी पहारेकरीच होते. सही एवढेच सांगते, की हे अमक्याकडून आले आणि वाटेत कोणी हात लावला नाही. अमक्याच्या घरात काय चालले आहे, हे ती सांगत नाही. म्हणून नवी ओळ लिहिताना मी ती होईल तितकी अरुंद लिहितो. 'या कंपनीचे सारे काही चालेल' असे लिहिणे सोपे असते. पण एका माणसाला आमंत्रण द्यायचे तर त्याच्या सबंध आळीला कशाला?

नवी ओळ लिहिण्यापेक्षाही अवघड काम म्हणजे जुनी खोडणे. नव्या नावाने सारे सुरळीत चालू झाल्यावर जुन्या सहीची ओळ यादीत ठेवण्याचे कारण उरत नाही. पण हात धजत नाही. न जाणो, कुठल्या तरी शाखेत अजून जुना भाग चालत असेल! मग 'राहू द्या, खाते काय?' म्हणून ती राहते. ती खाते. हल्लीचे चोर पुष्कळदा नवे शस्त्र आणीतच नाहीत. एखाद्या नामांकित कंपनीचा जुना, खऱ्या सहीचा, पण भोक पडलेला भाग शोधून काढतात आणि बरोबर घेऊन येतात. दारावरचा पहारेकरी यादीत पाहतो, सही जुळते, तो सलाम ठोकून आत सोडतो. म्हणून यादीतली एखादी ओळ खोडण्याआधी मी महिनाभर नुसती नोंद ठेवतो. कोणालाही अडवायचे नाही, फक्त कोण कोण येऊन गेले ते लिहून ठेवायचे. महिन्यात जो एकदाही आला नाही, त्याची ओळ जाते. माणसांच्या बाबतीत ही रीत मी अजून वापरलेली नाही. तिथे महिना फार थोडा आहे.

ही बँकांची डोकेदुखी, आपल्याला काय त्याचे, असे वाचकाने समजू नये. घरात गेल्या दहाबारा वर्षांतला विंडोजचा संगणक असेल, तर बहुतेक त्याच्याही पोटात अशीच एक यादी आहे. बटण दाबल्यावर सर्वांत आधी कोणाच्या सहीचा प्रोग्राम उठू द्यायचा, हे ती ठरवते. तिच्यातले मायक्रोसॉफ्टचे मूळ दाखले २०११ सालचे. काहींची मुदत जून २०२६ पर्यंतची आणि एकाची ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. म्हणून २०२३ साली नवे दाखले काढले गेले, आणि जगभरच्या संगणकांच्या याद्यांत ते जुन्यांच्या शेजारी नेऊन बसवण्याचे काम हाती घेतले गेले. मुदत संपली म्हणून त्या दिवशी संगणक बंद पडतो असे नाही. पण ज्याच्या यादीत नवे नाव शिरले नाही, त्याला आरंभाच्या त्या टप्प्यासाठी पुढे निघणारे संरक्षण घेता येत नाही. नव्या शिक्क्याचा वैद्य औषध घेऊन दारात उभा, आणि आतून "आम्ही तुम्हाला ओळखत नाही" असे उत्तर! अपडेट घ्या म्हणून पडद्यावर आलेली सूचना पुढच्या वेळी 'नंतर पाहू' म्हणून झटकण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे. मात्र ती सूचना संगणकाच्या स्वतःच्या व्यवस्थेतून आलेली असावी, कोणी फोनवरून सांगितलेली नसावी. एरंडोलचे प्रकरण मी उगीच सांगितले नाही.

एकदा ओळख झाली म्हणजे ती कायमची झाली, असा आपला समज असतो. त्यात मोठा गोडवा आहे. तो जावा असे मला वाटत नाही. पण ओळख ही घरासारखी असते. तिला अधूनमधून चुना काढावा लागतो, कडीकोयंडे तपासावे लागतात. ज्याला आपण पुन्हा विचारतो, "हे तुम्हीच ना?", त्याचा आपण अपमान करीत असतो असे नाही. त्याच्या नावाने दुसरा कोणी आत येऊ नये, एवढी त्याची काळजी घेत असतो. त्या शिक्षिकाबाईंना हे कळले होते, म्हणून त्या दर नोव्हेंबरला न कुरकुरता दाखला घेऊन येतात.

पाडव्याला व्यापारी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात. जुन्या वहीतली नावे नव्या वहीत आपोआप उतरत नाहीत. एकेक खाते उघडून, बाकी पाहून, ज्याच्याशी व्यवहार पुढे चालवायचा त्याचे नाव नव्याने लिहावे लागते. काही नावांवर लेखणी थांबते, काहींवर रेघ ओढली जाते, आणि एखादे अगदी नवे नाव पहिल्यांदाच पानावर येते. माझ्या यादीला कुंकू लावायला जागा नाही. पण यंदा पाडव्याच्या सुमारास तासभर काढून मीही तिच्यातली एकेक ओळ वाचणार आहे.